स्वयंपाकघरात ब्रेक नसतो

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. कमरेत भरलेली उसण अजून गेली नाही, त्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच मान तेवढी वाकवली आहे, ती गोड मानून घे. उसण का भरली ते पुढे येईलच.) तुझी दाढ कशी आहे? काढलीस, की अजून तिच्याशी भांडतेच आहेस? भाऊजींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. नसेल तर त्यांना म्हणावं, निदान जेवताना तरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचू नका. आम्ही सगळे मजेत आहोत. मजेत म्हणजे किती मजेत, हे सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं आहे, तेव्हा चष्मा लाव आणि दार लावून बस.

तुझं पत्र मिळालं. मुलांना मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीला थांबलो, कारण तिथून पुढे ते माझ्याविषयी होतं. मुलांची आई प्रशिक्षणाला गेली, आता पोरं माझ्या हाती हाल खातील, तेव्हा त्यांना सरळ तुझ्याकडे पाठवून द्यावं, तिथल्या शाळेत तू बोलून ठेवलं आहेस, असं तू लिहिलंस. तुझी काळजी मला कळते. मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा नेमकं आम्ही रात्रीच्या जेवणाला पाव आणि जॅम खात होतो आणि धाकटा जॅम चमच्याने न घेता थेट बरणीतून बोटाने घेत होता. तू एकेक डबा उघडून पाहिलास आणि एकेक डबा पुन्हा बंद केलास. त्या झाकणांचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. पण ताई, तुझं बोलावणं मी साभार परत करत आहे. मुलं येणार नाहीत. तूही यायची तसदी घेऊ नकोस, आणि तुझ्या ओळखीच्या स्वयंपाकीणबाईंनाही पाठवू नकोस. या घरात आता स्वयंपाक होतो, आणि तो माझी मुलं करतात.

आता नीट सुरुवातीपासून सांगतो. तुझ्या भावजयीची ऑपरेशन थिएटरच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली, हे तुला माहीत आहेच. परगावचं मोठं हॉस्पिटल, सहा महिने तिथेच राहायचं. ही बातमी तिने घरी येऊन अशी सांगितली की जणू उद्या पाणी येणार नाही एवढंच सांगते आहे, आणि लगेच म्हणाली की मी नाही म्हणून कळवते. का, तर संध्याकाळच्या जेवणाचं काय? माझे ड्रायव्हिंगचे शिकाऊ सगळे नोकरदार, ते कामावरून सुटले की माझं काम सुरू होतं, मी घरी येतो तोवर मुलांच्या झोपेची वेळ. सगळं बरोबर होतं तिचं. पण नंतर ती तिचा नर्सचा पांढरा ड्रेस इस्त्री करायला बसली, तो घडी करून ठेवला, आणि थोड्या वेळाने तोच ड्रेस पुन्हा काढून पुन्हा इस्त्री केला. ताई, वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर तिला हे मिळत होतं आणि ते आमच्या पाव-जॅमपायी हातचं जाणार होतं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की मुलं स्वयंपाक शिकतील आणि त्यांना मी शिकवीन. अर्ध्या गावाला मी गाडी शिकवली आहे, ज्यांना धड सायकल येत नव्हती अशांना शिकवली आहे, मग माझ्याच दोन पोरांना भात शिकवता येणार नाही?

तिने त्यावर अट घातली. उत्तर कळवायच्या आदल्या रविवारी ती ड्यूटीवरून घरी येईल तेव्हा गरम जेवण तयार व्हायला हवं, तेही तिच्या डोळ्यांसमोर, मुलांच्या हातचं, आणि मी कशालाही बोट लावायचं नाही. जमलं तर ती जाणार, नाही तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. मी म्हटलं, बोट न लावणं हाच तर माझा धंदा आहे. (हे खरं आहे. शिकाऊच्या हातातलं स्टिअरिंग आपण धरलं की तो आयुष्यात शिकत नाही. आपण बाजूला बसायचं, हात मांडीवर ठेवायचे, आणि अगदीच भिंत जवळ आली तर आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबायचा.)

पहिला दिवस मी सगळा माहितीला दिला. गाडीचे भाग शिकवतो तसे स्वयंपाकघराचे भाग शिकवले. तासभर बोललो. भिंगरीने (थोरलीला आता घरात सगळे भिंगरीच म्हणतात, ती एका जागी उभी राहत नाही) सगळं ऐकून घेतलं. ढब्बूने (म्हणजे धाकट्याने) जेवण केव्हा आहे तेवढं विचारलं. दुसऱ्या दिवशी बंद गाडीत सराव, म्हणजे गॅस न पेटवता रिकाम्या पातेल्यात डाव फिरवणे. शेगडीच्या बटणावर मी नेलपॉलिशने पहिला, दुसरा, तिसरा असे गियरचे ठिपके काढले. आमचं स्वयंपाकघर तुला माहीत आहे, दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत, म्हणून तिथे ओव्हरटेक करायला बंदी घातली. ओट्यासमोरच्या भिंतीवर एक आरसा टांगला, ढवळणाऱ्याला मागून कोण येतंय ते दिसावं म्हणून. (तो आरसा तुझी भावजय जाईपर्यंत केस विंचरायला वापरत होती, पण त्याने माझ्या पद्धतीला कमीपणा येत नाही.) आणि गरम भांडं हातात घेऊन वळायचं असेल तर आधी मोठ्याने "वळतोय" म्हणायचं. हे ऐकून तुझी भावजय पहिल्यांदा हसली आणि म्हणाली की त्यांच्या वॉर्डातही असंच करतात. तेवढ्यावर मी दोन दिवस छाती काढून फिरत होतो.

माझे हात मात्र माझं ऐकेनात. भिंगरी सुरी धरते आणि माझे हात आपोआप पुढे जातात. गाडीत ते मांडीवर बसतात, इथे मांडीच नाही, मी उभा. शेवटी मी ते पाठीमागे घेतले आणि ढब्बूकडून टॉवेलने बांधून घेतले. (त्याने स्काउटमध्ये शिकलेली गाठ मारली. ती सोडायला खालून घड्याळवाल्या काकांना बोलवावं लागलं. आमच्या खालच्या मजल्यावर त्यांचं घड्याळं दुरुस्तीचं दुकान आहे, ते लक्षात ठेव, त्यांचं काम पडणार आहे.) तेव्हापासून नियमच झाला. शिकवणाऱ्याचे हात मागे.

राहता राहिला ब्रेक. माझ्या शिकाऊंना मी पहिला धडा देतो तो हा, की मी "ब्रेक" म्हटलं की सगळं सोडून स्तब्ध व्हायचं. घाबरलेला माणूस एकाच वेळी सगळं दाबतो, म्हणून काहीच न करणं आधी शिकवावं लागतं. तोच धडा मी या दोघांना दिला आणि त्यांनी तो मन लावून गिरवला. "ब्रेक" म्हटलं की दोघंही हात वर करून पुतळे. मी आनंदात होतो. मग तिसऱ्या दिवशी दूध तापायला ठेवलं. दूध वर यायला लागलेलं मला दिसलं, मी सवयीने उजवा पाय जमिनीवर दाणकन आपटला आणि ओरडलो, "ब्रेक!" भिंगरीने हात वर केले. ढब्बूने हात वर केले. माझे हात टॉवेलात. दूध मात्र थांबेना. ते वर आलं, कडेवर क्षणभर टेकलं, आणि मग आम्हा तिघांच्या देखत शेगडीवरून, ओट्यावरून, कपाटाच्या दारावरून थेट माझ्या चपलेपर्यंत आलं. एवढ्यात घड्याळवाले काका वर आले, तक्रार करायला. मी पाय आपटल्यामुळे त्यांच्या चिमट्यातली बारीक स्प्रिंग उडाली होती आणि ती सापडत नव्हती. त्यांनी दारातून हा सगळा देखावा पाहिला, शांतपणे आत आले, गॅस बंद केला आणि विचारलं की हा कसला क्लास आहे. ढब्बू हात वर ठेवूनच म्हणाला, "स्वयंपाकाचा. ब्रेक चांगला लागला, काका."

मी काही डगमगलो नाही. कांद्याचं उदाहरण घे. कांदा चिरताना भिंगरीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तिने माझं हेल्मेट आणलं, घातलं, काच खाली केली आणि आख्खा किलोभर कांदा एका अश्रूशिवाय चिरला. (काच धुरकटल्यामुळे तुकडे जरा मनाला येतील तसे झाले, पण बोटं सगळी जागेवर आहेत, मी मोजली.) बटाटे ढब्बूकडे होते. त्याने प्रत्येक बटाटा चारी बाजूंनी सपाट करून चौकोनी केला. विचारलं तर म्हणाला, गोल बटाटा घरंगळतो, हा लावला तिथे उभा राहतो. आता गाडी उभी करण्याचं शास्त्र मीच त्याला शिकवलेलं. अर्ध्याहून जास्त बटाटा सालात गेला, पण उरलेला हलला नाही. तांदूळ भिंगरीने टाकी फुल करावी तसे पातेल्याच्या काठापर्यंत भरले, आणि तांदूळ शिजल्यावर फुगतात ही गोष्ट माझ्या माहितीच्या तासात राहून गेली होती. तो भात झाकण उचलून बाहेर आला. आम्ही तो सकाळी खाल्ला, संध्याकाळी खाल्ला, काकांनी डब्यात नेला, आणि त्यानंतर कुणी भाताकडे मान वर करून पाहीना. मिठाचं म्हणशील तर मी दोघांनाही बजावलं होतं की दुसऱ्यावर विसंबून राहू नका, स्वतः खात्री करा, म्हणून दोघंही खात्री करून मीठ घालत होते. पण ताई, माझ्या शिकाऊंनी पहिल्या आठवड्यात फाटक पाडलेलं आहे, आरसे तोडलेले आहेत. पुढे तेच घाटातून गाडी काढतात. मला माहीत होतं की ही दोघं करतील.

आणि तो रविवार आला. टोमॅटोचं सूप, भात, मटार घालून बटाट्याची भाजी आणि शेवटी तव्यावर अंडी, एवढं ठरलं होतं. तुझी भावजय ड्यूटीवरून आली, ड्रेस न बदलता स्वयंपाकघराच्या दारातल्या खुर्चीत बसली आणि हात मांडीवर ठेवले. परिवहन कार्यालयातल्या परीक्षा घेणाऱ्या साहेबांना मी कधी घाबरलो नाही, पण तिचे ते मांडीवरचे हात पाहून मला घाम फुटला. तिच्यामागे घड्याळवाले काका, त्यांना त्रयस्थ म्हणून बोलावलं होतं. मी कोपऱ्यात, हात मागे, टॉवेल. सूप झालं. भात झाला, या वेळी पातेल्यातच राहिला. ढब्बू "वळतोय, वळतोय" म्हणत ताटं मांडत होता, सरळ चालतानासुद्धा. भाजी उतरली. भिंगरीने तव्यात तेल घातलं, आणि गरम तवा नीट बसवायला घेतलेलं फडकं तिथेच शेगडीजवळ टाकलं.

मी ते फडकं पाहिलं. त्याचं टोक आधी तपकिरी झालं, मग त्यातून धूर निघाला, मग एक छोटी ज्योत. माझा पाय दाणकन जमिनीवर आपटला (उसण ती इथे भरली) आणि मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "ब्रेक!" ढब्बू हातातल्या चमच्यासकट पुतळा झाला. काका दारात पुतळा झाले, त्यांनाही आता सवय लागली होती. तुझी भावजय खुर्चीतून अर्धी उठली. आणि भिंगरी थांबलीच नाही. तिने बटण फिरवून गॅस बंद केला, चिमट्याने फडकं उचलून बेसिनमध्ये टाकलं, वर नळ सोडला आणि तापलेल्या तव्यावर झाकण ठेवलं. हे सगळं तिने अशा बेताने केलं की तिची आई वॉर्डात कशी वागत असेल ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मग ती माझ्याकडे वळली (वळण्याआधी "वळतेय" म्हणाली) आणि अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाली, "बाबा, स्वयंपाकघरात ब्रेक नसतो. थांबलं तर जळतं."

माझ्या धंद्यात एक दिवस असतो, ताई. माझा पाय जादा ब्रेकवर जाण्याआधीच शिकाऊने स्वतः गाडी सावरलेली असते. त्या दिवशी मी त्याला सांगत नाही, पण मनात म्हणतो की हा पास झाला. तोच दिवस माझ्या स्वयंपाकघरात उगवला होता. तुझी भावजय अर्धी उठली होती ती पुन्हा खाली बसली. भिंगरी ढब्बूला म्हणाली, "चल, गियर टाक," आणि त्याने चमचा खाली घेतला. अंडी झाली. एक जरा काळं पडलं, ते मी घेतलं. आम्ही जेवायला बसलो. तिने सूप घेतलं, भात घेतला, चौकोनी बटाटा उलटापालटा करून पाहिला आणि खाल्ला, मग पुन्हा भाजी वाढून घेतली. ताट स्वच्छ केलं, हात धुतले, आतल्या खोलीत गेली, आणि कपाटावरची प्रवासाची बॅग खाली ओढल्याचा आवाज आला. मुलं नाचायला लागली. काका टाळ्या वाजवत होते. मी हेल्मेट डोक्यात घातलं आणि काच खाली केली.

ती गेली त्याला आता बरेच दिवस झाले. रोज संध्याकाळी काका दुकान बंद करून वर येतात, मुलं रांधतात, ते देखरेख करतात (म्हणजे खातात), आणि मी घरी येतो तेव्हा माझं ताट झाकून ठेवलेलं असतं. हॉस्पिटलातून तिचं पत्र आलं. तिथल्या खाणावळीच्या सुपाला आपल्या भिंगरीच्या सुपाची सर नाही, असं तिने लिहिलं आहे. ते मी काकांना दाखवलं, माझ्या सगळ्या शिकाऊंना दाखवलं, परवा तर सिग्नलला थांबलो असताना शेजारच्या गाडीवाल्यालाही दाखवलं. माझा ऊर भरून येतो ताई, उगीच नाही म्हणत. तेव्हा तिथल्या शाळेत तू जे बोलून ठेवलं आहेस ते परत घे, आणि आमची काळजी तर मुळीच करू नकोस. आम्हाला कुणाचीही गरज नाही.

भाऊजींना नमस्कार. दाढ काढून घे.

तुझा विजयी भाऊ

ता. क. तुझं ते जाड बुडाचं पातेलं तू वापरत नसशील तर मुलांना हवं आहे. आमचं पातळ आहे, खालून लागतं.

ता. क. पातेलं पार्सलने पाठवू नकोस, पोचा पडेल. कुणीतरी हातात घेऊन आलेलं बरं.

ता. क. खरं काय ते लिहितो. मुलांनी नवा नियम काढला आहे, जो खातो तो रांधतो. आळीपाळीने. गुरुवारी माझा क्लास बंद असतो, म्हणून गुरुवार माझ्याकडे आला. मागच्या गुरुवारी मी बटाट्याची भाजी केली. ताई, मी त्या दोघांना सगळं शिकवलं, पण सगळा वेळ माझे हात मागे बांधलेले होते, त्यामुळे त्या हातांना स्वतःला काहीच माहीत नाही, ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही, माझ्याही नाही. काकांनी एक घास घेतला आणि त्यांना दुकानाला कुलूप लावलं की नाही अशी शंका आली, ते पाहायला खाली गेले ते वर आले नाहीत. ढब्बू, जो काहीही खातो, तो पाव मागायला लागला. भिंगरीने मला नापास केलं आणि माझ्याच गाडीचा शिकाऊचा लाल बोर्ड दोरीने माझ्या गळ्यात अडकवला. येत्या गुरुवारी पुन्हा परीक्षा आहे. तू बुधवारी ये. पातेलं द्यायला आलीस असं दाखव. मुलं शाळेत गेली की मला एक भात आणि एक भाजी शिकव, नाही तर सरळ तूच करून ठेव, मी केली म्हणून सांगेन. या पत्रातलं हे शेवटचं मुलांना कळता कामा नये.

ता. क. आत्या, मी भिंगरी. बाबांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, पण पाकीट बंदच केलं नव्हतं. (निघायच्या आधी दारं नीट लागलीत का ते बघायचं असं तेच शिकवतात, म्हणून मी बघितलं.) तू नक्की ये, आम्हाला तुझी खूप आठवण येते. ढब्बू म्हणतो, जॅम आण. बाबांना शिकव, ते मनाने चांगले आहेत आणि त्यांना येईल. पण त्यांच्यासाठी तू काही करून ठेवायचं नाहीस, ते कितीही म्हणाले तरी. शिकवणाऱ्याचे हात मागे. तुझ्यासाठी टॉवेल मी धुऊन ठेवला आहे.